कमरेचें पिस्तूल आणि दारावरचा फलक

टेक्सस म्हटलें कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें बोलपटांतलें एक ठराविक चित्र उभें राहतें : धुळीचा रस्ता, लांकडी फळ्यांचा गुत्ता, आणि ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल. आम्ही उभयतां ऑस्टिन शहरीं पुतण्याकडे मुक्कामास गेलों तें हेंच चित्र मनांत घेऊन. पण त्या प्रांताचा इतिहास चाळला म्हणजे चित्र जवळजवळ उलटें दिसूं लागतें. कमरेला पिस्तूल लावून बाजारांत हिंडणें हा टेक्ससांत सुमारें सव्वाशें वर्षें गुन्हा होता. पिस्तूल बाळगण्याची मोकळीक हा तेथला पुराणा कुळाचार नव्हे. ती आपल्या देखत, एकामागून एक कायदे करून, मिळविलेली वस्तु आहे. हें सारें जेथें घडलें त्या इमारतीपासूनच आरंभ करणें बरें.

कोलोरॅडो नदी ओलांडून शहरांत शिरलें कीं काँग्रेस ॲव्हेन्यू नांवाचा सरळ राजरस्ता लागतो, आणि त्याच्या टोकाशीं विधिमंडळाचा घुमट दिसतो. इमारत तांबूस ग्रॅनाइटाची, १८८२ ते १८८८ या सालांत बांधलेली, आणि वॉशिंग्टनच्या मूळ कॅपिटॉलपेक्षां कांहीं फूट उंच. ही गोष्ट तेथला वाटाड्या न विचारतां सांगतो. राज्यापाशीं रोकड नव्हती, जमीन उदंड होती. म्हणून बांधणाऱ्यांस मोबदला म्हणून ३० लाख एकर माळरान देऊन टाकलें. या इमारतींत कायदेमंडळ भरतें तें दोन वर्षांतून एकदां, विषम सालीं, आणि तेंही १४० दिवस. आम्ही गेलों तेव्हां अधिवेशन संपलेलें असल्यामुळें दालनें निवांत पाहावयास मिळालीं.

दारांतच एक नवल दिसलें. २०१० सालीं इमारतीच्या पायऱ्यांवर कोणीं गोळ्या झाडल्या, तेव्हांपासून येणारांची झडती घेणारीं यंत्रें बसविलीं आहेत. परंतु ज्याच्यापाशीं पिस्तुलाचा परवाना आहे त्याला वेगळी वाट. त्यानें परवाना दाखवावा आणि यंत्राला वळसा घालून सरळ आंत जावें. म्हणजे शस्त्र नसलेल्याची झडती आणि शस्त्रधाऱ्यास मुक्तद्वार! यंत्रें बसलीं त्या सुमारास विधिमंडळांत रोज खेपा घालणारे कांहीं दलाल व वार्ताहर केवळ रांग चुकावी म्हणून पिस्तुलाचे परवाने काढावयास धांवले होते. परवान्याचें इतकें निरुपद्रवी प्रयोजन दुसरें क्वचितच सांपडेल.

घुमटाखालील वर्तुळाकार भिंतींवर आजवरच्या गव्हर्नरांच्या तसबिरी आहेत. नवा गव्हर्नर आला कीं प्रत्येक तसबीर एक एक जागा मागें सरकते. त्या रांगेंत एडमंड डेव्हिस यांना आम्हीं मुद्दाम शोधून काढलें. हे गृहस्थ टेक्ससचेच, पण यादवी युद्धांत उत्तरेकडून लढलेले. दक्षिणेच्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षातर्फें गव्हर्नर झाले. गुलामगिरींतून नुकत्याच सुटलेल्या निग्रोंचे त्या दिवसांत सर्रास खून पडत. १८७० सालीं देवळें, शाळा, नाचाचे जलसे व मतदानाच्या जागा येथें शस्त्र नेण्यास बंदी झाली, आणि १८७१ च्या एप्रिलांत डेव्हिस यांनीं सह्या केलेल्या कायद्यानें पिस्तूल, खंजीर, गुप्ती वगैरे अंगावर बाळगणेंच दंडनीय ठरलें. दंड २५ ते १०० डॉलर, शिवाय हत्यार जप्त. प्रवासी, स्वतःच्या घरांत वा जमिनीवर असलेला, आणि ज्याला हल्ल्याचें खरोखर भय आहे असा मनुष्य, यांना सूट होती. बंदूक खांद्यावर टाकण्यास मनाई कधींच नव्हती. गुराख्यांच्या देशांत ती चाललीही नसती. दैवगति अशी, कीं पिस्तुलबंदी करणारे हेच डेव्हिस १८७४ च्या जानेवारींत निवडणूक हरल्यावर हुद्दा सोडीनात आणि जुन्या विधिमंडळाच्या तळमजल्यावर सशस्त्र शिपाई घेऊन बसले! विरोधी पक्षाचे लोक वरच्या मजल्यावर शिरून राज्यकारभार पाहूं लागले. अध्यक्ष ग्रँट यांनीं मदत नाकारली तेव्हां डेव्हिस मुकाट्यानें निघून गेले.

आपल्या वाचकांना येथें १८७८ चा आपल्याकडील शस्त्रांचा कायदा आठवल्यावांचून राहणार नाहीं. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतला तो कायदा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला अपमान वाटे, आणि काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव होत. तरी स्वराज्य आल्यावर १९५९ सालीं जो कायदा झाला त्यांत परवान्याचें तत्त्व आपणच कायम ठेवलें. टेक्ससांतही थेट हेंच घडलें. डेव्हिस यांचें नांव ज्यांना विषासारखें वाटे त्या डेमोक्रॅट मंडळींनीं सत्ता हातीं येतांच त्यांचें पुष्कळ कांहीं मोडलें, पण पिस्तुलबंदी मोडली नाहीं. १८७६ च्या राज्यघटनेंत त्यांनीं एक कलम घातलें : स्वतःच्या व राज्याच्या न्याय्य संरक्षणासाठीं शस्त्र बाळगण्याचा नागरिकास हक्क आहे, परंतु गुन्हे टाळण्याच्या हेतूनें शस्त्र अंगावर वागविण्याचें नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळास आहे. पुढचें सारें राजकारण या एका ‘परंतु’भोंवतीं फिरत आलें आहे.

तो बांध फुटला १९९१ च्या १६ ऑक्टोबरला. ऑस्टिनच्या उत्तरेस किलीन नांवाचें गांव आहे. तेथल्या लूबीज या उपाहारगृहांत एकानें मोटार भिंतींतून आंत घातली आणि २३ जणांस ठार केलें. जेवावयास बसलेल्या सुझॅना हप या बाईंचे आई आणि वडील दोघेही गेले. बाईंपाशीं पिस्तूल होतें, पण कायदा मोडावयाचा नाहीं म्हणून तें त्यांनीं बाहेर मोटारींत ठेवलें होतें. त्यांनीं ही हकीकत ठिकठिकाणच्या कायदेमंडळांपुढें सांगितली, आणि पुढें १९९६ सालीं त्या स्वतःच टेक्ससच्या विधिमंडळावर निवडून आल्या. हा प्रश्न केवळ हुल्लडखोरांचा आहे असें समजणारानें या बाईंची साक्ष अवश्य विचारांत घ्यावी. त्या वेळच्या गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनीं १९९३ सालीं या बाबतींत लोकमत अजमावण्याचें बिल नामंजूर केलें. १९९४ च्या निवडणुकींत त्या हरल्या; ज्यांनीं हरविलें ते जॉर्ज बुश यांनीं १९९५ सालीं परवाना घेऊन, झांकून पिस्तूल बाळगण्याचा कायदा सही केला. तो १९९६ च्या आरंभीं अंमलांत आला.

झांकलेलें पिस्तूल उघडें कसें झालें ती कथा थोडी विनोदी आहे. बंदुकीस पूर्वीपासूनच बंदी नसल्यामुळें २०१३ पासून कांहीं उत्साही मंडळी खांद्याला लांब रायफली अडकवून उपाहारगृहांतून व दुकानांतून हिंडूं लागली. म्हणणें असें कीं, आम्हांला पिस्तूल उघडें लावूं द्या म्हणजे या अवजड वस्तु आणाव्या लागणार नाहींत. हें वर्तन पाहून खुद्द राष्ट्रीय रायफल संघटनेनेंही २०१४ सालीं त्याला विचित्र म्हटलें, आणि चारच दिवसांत शब्द मागें घेतला. २०१५ च्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशीं असे कांहीं लोक एका सभासदाच्या कचेरींत शिरून निघेनात. तेव्हां सभासदांच्या कचेऱ्यांत संकटसूचक बटणें बसविण्याची सोय करावी लागली. त्याच अधिवेशनांत त्यांचा कायदा मात्र झाला.

त्या वादविवादांतील एक प्रसंग आम्हांस सर्वांत बोधक वाटतो. पिस्तूल दिसलें एवढ्याच कारणावरून पोलिसानें नागरिकास थांबवून परवाना मागूं नये अशी दुरुस्ती पुढें आली. ती उचलून धरणारे दोघे : एका सभेंत ह्यूस्टनचे हॅरल्ड डटन, कृष्णवर्णीय डेमोक्रॅट, दुसरींत डॅलसचे डॉन हफाइन्स, कट्टर रिपब्लिकन. एकाला काळ्या तरुणांची चिंता, दुसऱ्याला सरकारचा संशय. पोलिसांच्या संघटनांनीं जोराचा विरोध केल्यावर दुरुस्ती गळली, आणि गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनीं फ्लूगरव्हिल येथील नेमबाजीच्या जागेंत जाऊन मूळ कायद्यावर सही केली. हा कायदा १ जानेवारी २०१६ ला लागू झाला.

डटन यांची चिंता पोकळ नव्हती हें सहाच महिन्यांत दिसलें. ७ जुलैला डॅलस शहरीं पोलिसांच्या गोळीबाराच्या निषेधार्थ मोर्चा निघाला असतां एका मारेकऱ्यानें पांच पोलिसांस ठार केलें. मोर्चांत वीस-तीस माणसें रायफली घेऊन चाललीं होतीं असें तेथल्या महापौरांनीं सांगितलें. कायद्यानें तें सर्व निर्दोष. पण गोळ्या सुटतांच मारेकरी कोण आणि हक्क बजावणारा नागरिक कोण हें ओळखणार कसें? त्यांतील एका निरपराध कृष्णवर्णीयाचें छायाचित्र पोलिसांनीं संशयित म्हणून जगभर प्रसिद्ध केलें. त्यानें आपण होऊन रायफल पोलिसाच्या स्वाधीन केली होती.

आतां दारांवरच्या फलकांकडे वळूं. ऑस्टिनमधल्या कांहीं दुकानांच्या कांचेवर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत दाट छापलेले मोठाले मजकूर दिसतात. प्रथमदर्शनीं वाटतें भाडेपट्ट्याची नोटीस असावी. खासगी जागेच्या मालकास शस्त्र नको असेल तर त्यानें हे फलक लावावे अशी कायद्याची योजना आहे. झांकलेल्या पिस्तुलासाठीं एक, उघड्यासाठीं दुसरा. शब्द कायद्यांत दिले तेच, अक्षर निदान एक इंच उंच, रंग उठावदार. दारूच्या गुत्त्यांवर तिसराच फलक, तांबड्या रंगांत ‘५१%’ : उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग तेथेंच प्यावयाच्या मद्यांतून येत असेल तर आंत पिस्तूल नको. आमचा किराणा ज्या एच-ई-बी नांवाच्या दुकानांतून येई त्यानें २०१६ सालीं उघडें पिस्तूल मना केलें, झांकलेलें चालूं दिलें. २०१९ च्या ऑगस्टांत एल पासोच्या वॉलमार्टमध्यें हत्याकांड झाल्यावर त्या कंपनीनें, शस्त्र उघडें आणूं नका, अशी गिऱ्हाइकांस विनंती केली. विधिमंडळानें जो निर्णय घेण्याचें टाळलें तो अशा रीतीनें वाण्याच्या, हलवायाच्या, डॉक्टराच्या दारावर येऊन बसला. राजकारण्यांस हें सोयीचें आहे. हक्क दिल्याचें श्रेय त्यांच्याकडे, आणि गिऱ्हाइकाला नाहीं म्हणण्याची पाळी दुकानदारावर.

सरकारी विश्वविद्यालयांस ही मोकळीकही पुरती नव्हती. परवानाधाऱ्यास झांकलेलें पिस्तूल वर्गांत नेण्याची मुभा १ ऑगस्ट २०१६ पासून मिळाली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वीं, १ ऑगस्ट १९६६ ला, ऑस्टिनच्याच विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्यानें गोळ्या झाडून माणसें मारलीं होतीं. तेथले नोबेल पारितोषिकविजेते पदार्थशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनीं, माझ्या वर्गांत शस्त्र येणार नाहीं, असें उघड सांगितलें. विद्यार्थ्यांनीं निषेधार्थ आपल्या दप्तरांना ज्या वस्तु लटकविल्या त्यांचें वर्णन गृहिणींच्या हातीं जाणाऱ्या मासिकांत करतां येत नाहीं.

शेवटची पायरी २०२१ ची. आतां परवान्याचीही गरज उरली नाहीं. दिसतें पिस्तूल खोळींत असलें म्हणजे झालें. वयाची मर्यादा २१ ठेवली होती, तीही पुढच्याच वर्षीं एका फेडरल न्यायाधीशानें घटनाविरोधी ठरविली. परवान्याशिवाय पिस्तूल, ही कल्पना जनमत-चांचण्यांत बहुसंख्यांस नापसंत होती. पण रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत मतदान करणारे थोडे आणि कडवे. उमेदवाराचें भवितव्य त्यांच्या हातीं. सहीचा समारंभ ठेवला सॅन अँटोनिओच्या आलामो येथें. ६ मार्च १८३६ ला मेक्सिकन सेनेशीं लढतां लढतां तेथले रक्षक पडले. आपल्याकडे पावनखिंडीचें नांव घेतांना जो भाव दाटतो तोच तेथें टेक्ससकरांना. अशा जागीं सही केल्यावर विरोध करणारा नुसता विरोधक राहत नाहीं, पूर्वजांचा द्रोही ठरतो.

२४ मे २०२२ ला युव्हाल्डी गांवच्या शाळेंत १९ मुलें व २ शिक्षिका मारल्या गेल्या. रायफल विकत घेण्याचें वय अठरावरून एकवीस करा एवढेंच मागणें घेऊन त्या मुलांचे आईबाप २०२३ सालीं याच तांबड्या इमारतींत दिवसचे दिवस बसून होते. ६ मे रोजीं ॲलन येथील बाजारांत आठ जण मारले गेले. त्यांत आपल्या देशाचेंही माणूस होतें. दोन दिवसांनीं समितीनें तें बिल ८ विरुद्ध ५ मतांनीं पुढें पाठविलें, दोन रिपब्लिकनांनीं पक्ष सोडून मत दिलें. पण मुदतींत कार्यक्रमपत्रिकेवर तें चढलेंच नाहीं, आणि मेलें.

भाद्रपदांत हा वाद आमच्या घरांत आला. तेथील मराठी मंडळी गणेशोत्सवासाठीं एक खासगी सभागृह भाड्यानें घेतात. दारावर फलक लावावे कीं नाहीं यावर कार्यकारिणीची बैठक पुतण्याच्या दिवाणखान्यांत दोन तास चालली. एक गृहस्थ म्हणाले, फलक लावणें म्हणजे आंत कोणीही सशस्त्र नाहीं हें मारेकऱ्यास लिहून कळविणें. किलीनचा दाखला त्यांनींही दिला. सूनबाईचें म्हणणें, दोनशें मुलें जमणार, कोणाची खोळ केव्हां ओढली जाईल याचा नेम नाहीं. आम्हीं हळूच पुतण्यास विचारलें, ‘‘एवढा विचार कशाला? गणपतीला पिस्तूल कोण आणील?’’ तो म्हणाला, ‘‘काका, आणूं नये असें आपण लिहिलें नाहीं तर आणण्यास हरकत नाहीं असाच अर्थ होतो इथें.’’

अखेर तडजोड झाली. उघड्या पिस्तुलास बंदी, बिनपरवाना पिस्तुलास बंदी. परवानाधाऱ्याच्या झांकलेल्या पिस्तुलाविषयीं मौन. दोन फलक छापून आले व मखराकडे जाणाऱ्या दारावर, तोरणाच्या खालीं, लागले. उत्सव यथास्थित पार पडला. एका घरचीं माणसें मात्र आरतीपुरतीं येऊन गेलीं. मुलांना त्यांनीं बरोबर आणलें नव्हतें.