एसीचं बटण

हंगाम चालू असला की बिद्रीतून गाडी काढणं म्हणजे थांबत थांबत जाणं. कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या ऊस, वर फुल्ल आवाजात गाणी.

मागच्या फेब्रुवारीत आईला दम्याच्या तपासणीसाठी कोल्हापूरला नेत होतो. धूळ नको म्हणून काचा वर, एसी चालू. गाडी 12 वर्षांची, चालवायला आबा. गाडी थांबली की ते एसी बंद करायचे, हलली की परत चालू. चारदा बघितलं, पाचव्यांदा बोललोच, "आबा, आईला त्रास होतोय. दहा रुपयांचं पेट्रोल वाचवून काय मिळणार आहे?"

ते काही बोलले नाहीत. पुढच्या थांब्याला एसी तसाच राहू दिला. गाडी थरथरली आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू. आई पर्समध्ये इनहेलर शोधत होती.

"म्हणून बंद करत होतो," आबा एवढंच म्हणाले.

मी इंजिनिअर. रोज सर्व्हरवरचा लोड बघतो, आणि हे कळलं नव्हतं. गाडी उभी असताना इंजिन स्वतःला फिरवत ठेवण्यापुरतीच ताकद काढतं, मिनिटाला साधारण 750-800 फेरे. एसी लावला की कॉम्प्रेसरचा क्लच चिकटतो आणि पट्ट्यावर ओझं येतं. हेडलाइटचंही तसंच. दोन्ही दिव्यांचे मिळून शंभरेक वॅट. तेवढी वीज काढायची तर अल्टरनेटर फिरायला जड होतो. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर थोडी जास्त हवा आत सोडतो, त्या मापानं पेट्रोल वाढवतो आणि फेरे सावरतो. आमच्या गाडीत हवेची ती वाटच काजळीनं बुजली होती. कॉम्प्युटर सावरायला बघायचा, पण हवा पुरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी काढून साफ केली. मी मोबाइलवर आकडे बघत होतो. एसी लावला, 780 चे 690 झाले, आणि क्षणात 850.

आबांनी मोबाइलकडं बघितलंही नाही. तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. "गव्हाणीत ऊस जास्त पडला की मिल जड होती," ते म्हणाले. "मग गव्हर्नर वाफ वाढवतो. आवाजावरनंच कळतंय."

गव्हर्नर कॉलेजात मलाही होता. जेम्स वॅटनं 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेले ते फिरते गोळे. आकृती काढून मार्क मिळवले होते. ज्या माणसाच्या पगारातून त्या कॉलेजची फी गेली, त्याला मी कंजूष ठरवून मोकळा झालो होतो.

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. येताना किल्ली त्यांच्याच हातात दिली. कारखान्याजवळ परत ट्रॉल्यांची रांग. गाडी थांबली, आबांचा हात सवयीनं बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला. मीही मोबाइल खिशात ठेवला. आवाज जरा खाली बसला, मग वर आला.

"धरतीया," आबा म्हणाले.