उणे घाताची लक्षणा

'घात' हा शब्द मराठी कानाला गोड लागत नाही. विश्वासघात, आत्मघात, अपघात अशी त्याची सारी सोयरीक अशुभाशी. बीजगणिताच्या पुस्तकात तो प्रथम भेटतो तेव्हा अनेकांना ते नाव सार्थच वाटते, आणि आम्ही ज्या मंडळींत वावरतो, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या, त्यांतले कितीतरी जण त्या शब्दापाशीच गणिताचा निरोप घेऊन इकडे आलेले असतात. वस्तुतः जुन्या संस्कृत गणितग्रंथांत घात, वध, हनन हे सारे शब्द गुणाकाराचेच. दोन संख्यांचा घात म्हणजे त्यांचा गुणाकार, आणि तो किती वेळा घ्यायचा हे सांगणारा अंक म्हणजे घातांक. ज्या संख्येला गुणायचे ती पाया. २ हा पाया आणि ३ हा घातांक असेल तर २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८. इथवर कोणाचेच काही अडत नाही.

शिवाय हा विषय आपल्याला परका नाही. पिंगलाच्या छंदःसूत्रात, आणि त्यावरील हलायुधाच्या दहाव्या शतकातील टीकेत, एक प्रश्न येतो: अमुक अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या रचना किती संभवतात? प्रत्येक अक्षरापुढे दोनच वाटा, तेव्हा आठ अक्षरांच्या अनुष्टुभाच्या चरणाला २ चा आठवा घात, म्हणजे २५६ रचना. अकरा अक्षरांच्या इंद्रवज्रेची रचना ही २०४८ शक्यतांपैकी एक. हे उत्तर काढण्याची पिंगलाची रीत मोठी चतुर आहे. अक्षरसंख्या सम असेल तर ती निम्मी करा, विषम असेल तर तीतून एक वजा करा, आणि असे करत शून्यावर या. मग १ हा अंक घेऊन उलट परता: जिथे एक वजा केला होता तिथे दोनाने गुणा, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग करा. आठासाठी १ पासून २, ४, १६ आणि २५६ असे थोडक्या पावलांत पोहोचता येते.

या रीतीच्या पोटात घातांकांचे नियम दडलेले आहेत. पाया एकच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी, आणि घाताचा पुन्हा घात घेतला तर घातांकांचा गुणाकार. चार अक्षरांच्या १६ रचनांना पुन्हा १६ रचना जोडल्या की आठ अक्षरांच्या २५६ होतात. चार अधिक चार आठ. नियम म्हणून पाठ करावे असे यात काही नाही, मोजून पाहावे इतकेच.

आमच्या छंदांच्या तासाला हे सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग घात उणे असला तर? उणे तीन वेळा गुणायचे म्हणजे काय करायचे?" हाच प्रश्न तिने शाळेत विचारला होता आणि 'तसा नियम आहे' एवढेच उत्तर तिला मिळाले होते. २ चा उणे तिसरा घात तिने उणे ८ लिहिला, तो चुकीचा ठरला, आणि का चुकीचा ते कोणी सांगितले नाही. त्यानंतर तिने गणिताशी बोलणे सोडले. प्रश्न इतका रास्त होता की तास संपल्यावरही आम्ही फळ्यापाशीच थांबलो.

उत्तर जिन्यासारखे आहे. ८, ४, २ या पायऱ्या उतरताना घातांक ३, २, १ असा एकेकाने कमी होतो आणि संख्या दर पायरीला निम्मी होते. आणखी एक पायरी उतरलो की घातांक शून्य आणि संख्या १. छंदातही हे पटण्याजोगे आहे: शून्य अक्षरांचा चरण एकच असतो, तो म्हणजे मौन. पिंगलाचा परतीचा प्रवास १ पासून सुरू होतो तो यामुळेच. पण जिना तिथे संपत नाही. पुढची पायरी उणे १, तिची किंमत अर्धा. उणे २ ची पाव. उणे ३ ची एक अष्टमांश. संख्या लहान होत जाते, पण ऋण कधीच होत नाही. उणे हे चिन्ह संख्येच्या अंगावर नाही, पायरीच्या क्रमांकावर आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या खिशात हा जिना खुळखुळत असे. १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे आणे सोळा. रुपया हा २ चा शून्यावा घात मानला तर अधेली हा उणे पहिला, पावली उणे दुसरा, चवली उणे तिसरा आणि आणा उणे चौथा. पावकी-निमकी पाठ म्हणणाऱ्या पिढ्यांनी ऋण घातांकाचे नाव न ऐकता त्याचा व्यवहार केला. आजचा पैसाही रुपयाच्या हिशेबात १० चा उणे दुसरा घातच आहे.

ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थही इथे उपयोगी पडतो. २ चा तिसरा घात आणि २ चा उणे तिसरा घात यांचा गुणाकार केला की कर्ज फिटते. मात्र बेरजेत फिटलेले कर्ज शून्यावर येते, गुणाकारात ते १ वर येते. मग सरळरूप देणे हा नुसता हिशेब उरतो. क चा पाचवा घात गुणिले क चा उणे दुसरा घात, भागिले क चा उणे चौथा घात: पाचातून दोन गेले तीन, आणि उणे चार वजा करणे म्हणजे चार मिळवणे, म्हणून क चा सातवा घात. ३ गुणिले क चा उणे दुसरा घात यात छेदात उतरतो तो फक्त क, कारण कर्ज त्याच्या नावावर आहे. ३ जागच्या जागी राहतो. एक पथ्य मात्र पाळायचे: पाया शून्य असता ऋण घात घेता येत नाही, कारण छेदात शून्य येते. अशा राशीला भास्कराचार्यांनी बीजगणितात 'खहर' म्हटले आणि तिची तुलना अनंत, अच्युत परमेश्वराशी केली. आजचे गणित तिला अर्थच देत नाही.

आता साहित्याकडे येऊ. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले की प्रवाहावर वाडा वसणे अशक्य, म्हणून आपण तीर हा अर्थ घेतो. 'उणे तीन वेळा गुणणे' हाही मुख्यार्थाचा बाधच आहे. संबंध आहे तो बेरजेच्या नियमाचा, आणि प्रयोजन हे की तो नियम धन, शून्य आणि ऋण अशा तिन्ही मुलखांत एकसारखा चालावा. भेद एवढाच की कवितेत लक्ष्यार्थाला थोडी मोकळीक असते, इथे नियम राखायचा तर एकच अर्थ शिल्लक राहतो. तो अर्थही माणसांना सावकाश सापडला. फ्रान्समध्ये निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक वापरले, पण ते हस्तलिखित छापले गेले १८८० मध्ये. जॉन वॉलिस याने १६५६ च्या ग्रंथात त्यांचा विचार केला तो स्वतंत्रपणे. जे समजायला विद्वानांच्या पिढ्या लागल्या, ते एका मुलीने एका तासिकेत 'नियम आहे' म्हणून मान्य करावे, ही अपेक्षा फार कठोर आहे.

ही कठोरता केवळ गणिताच्या वर्गात असते असेही नाही. ऱ्हस्व-दीर्घ, यती, रसांची संख्या शिकवताना आम्हां साहित्याच्या शिक्षकांच्या ओठांवरही 'तसा नियम आहे' हे वाक्य तयारच असते. नियमामागचा बाध आणि प्रयोजन दाखवले नाही तर विद्यार्थ्याला पाठांतर किंवा पलायन या दोनच वाटा उरतात.

त्या विद्यार्थिनीने जिना वहीत उतरवून घेतला, क्षणभर पाहिला आणि विचारले, "मग दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहिले तर? अर्धा घात?" आम्ही खडू तिच्या हाती दिला. अर्धा अधिक अर्धा एक, म्हणजे जिला स्वतःनेच गुणले असता २ येतात अशी संख्या, हे तिने फळ्यावर मांडले. तिला वर्गमूळ सापडले होते, आणि नियम कोणी सांगितला नव्हता.