नऊ फुटांवरून सहा फुटांवर

दशावताराचा रंगपट म्हणजे देवळामागची एखादी पडवी, नाहीतर शाळेची मोकळी करून दिलेली खोली. दोरीवर टाकलेली लुगडी आणि शेले, भिंतीशी उघडे पेटारे, वर एक बल्ब आणि खाली चटईवर मांडी घालून बसलेली सात-आठ माणसं. दशावतारी कलाकार आपला रंग आपणच लावतो. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताचं बोट कपाळावर. तो आरसा, ते बोट आणि तो अर्धा रंगलेला चेहरा मला टिपायचा असतो. दर वर्षी कार्तिकात सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की मी पुण्याहून गावी जातो, तो मुख्यतः यासाठी.

माझ्याकडे २०१६पासून निकॉनचा डी७२०० आहे. त्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. त्यावर ५० मिमीची लेन्स लावली की फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, ७५ मिमीची लेन्स जेवढं दाखवेल तेवढंच दिसतं. कडेकडेचं सगळं चौकटीबाहेर राहतं. माणूस आणि आरसा दोन्ही मावावेत म्हणून मी मागे सरायचो आणि सरता सरता दारापर्यंत यायचो. आठ जत्रा मी त्या उंबऱ्यावर उभ्याने काढल्या. तिथून चटईवरचा माणूस नऊ फुटांवर असे.

तेव्हा मला अंतराची तक्रार नव्हती, उजेडाची होती. त्या एका बल्बखाली आयएसओ ३२००च्या पुढे गेलं की अंधाऱ्या कोपऱ्यांत जांभळे-हिरवे ठिपके उठत. राजपार्टीने, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाने, इतक्या निगुतीने ओढलेली भुवईची रेघ फोटोत चिखलासारखी पसरलेली पाहून वाईट वाटायचं. त्याचं काम नीट होतं, माझं कमी पडत होतं. म्हणून फुल फ्रेम घ्यायचा ठरवला, आणि ऐपतीप्रमाणे वापरलेला.

कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढणारा एक जण मिररलेसकडे वळत होता आणि त्याला आपला डी७५० द्यायचा होता. २०१४ सालचं मॉडेल, शटर ९१ हजार वेळा उघडून मिटलेलं. निकॉनने हे शटर दीड लाख वेळांपर्यंत तपासलेलं आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य सरलेलं. त्याने आकडा स्वतःहूनच सांगितला. मी एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहिली, दोन्ही कार्डं घालून पाहिली, प्रत्येक बटण दाबलं. पकडीच्या जागचं रबर अंगठ्याखाली गुळगुळीत झालं होतं. पैसे मोजून झाल्यावरही त्याने कॅमेरा लगेच सोडला नाही. "ह्यानं माझं घर उभं केलंय, दादा. जपून वापरा," म्हणाला. वापरलेली वस्तू घेताना लोक झिजेकडे संशयाने बघतात. मला त्या गुळगुळीत रबरावर अंगठा टेकवताना भरवसा वाटला. इतकी वर्षं कोणीतरी हा रोज उचलला होता आणि त्याने दगा दिला नव्हता.

'फुल' या शब्दाचा मात्र मी उगाच धाक घेतला होता. ३६ बाय २४ मिलिमीटर हे माप जर्मनीतल्या वेट्झलारच्या ओस्कर बार्नाकने घेतलं ते सिनेमाच्या फिल्मवरून. सिनेमाची चौकट २४ बाय १८ची. त्याने फिल्म आडवी चालवली, दोन चौकटींची एक केली, आणि १९२५मध्ये लायका बाजारात आला. मोठ्या काचेच्या प्लेटांवर काम करणाऱ्या तेव्हाच्या छायाचित्रकारांच्या लेखी ही चौकट अगदी चिमुकली होती. डिजिटलच्या सुरुवातीला एवढा सेन्सर बनवणं फार महाग पडे, कारण सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे तुकडे कमी निघतात आणि एखादा दोष आला की मोठा तुकडाच वाया जातो. म्हणून छोटे सेन्सर आले आणि जुनं माप 'पूर्ण' ठरलं.

उजेडाचं गणित मला आजोळच्या अंगणात समजलेलं आहे. पावसात पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर एक वाटी आणि एक परात ठेवली तर पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठतं. डी७५०च्या सेन्सरचं क्षेत्रफळ डी७२००च्या २.३ पटींहून अधिक आहे. पहिल्याच रात्री आयएसओ ६४००ला भुवईची रेघ रेघ म्हणून उमटली. मी पडद्यावर ती मोठी करकरून पाहिली आणि खरंच डोळे भरून आले.

पण त्याच रात्री दुसरीही गोष्ट घडली. मी सवयीने उंबऱ्यावर उभा राहिलो, तीच ५० मिमीची लेन्स लावली, आणि चौकटीत माणूस सापडेना. लुगडी, पेटारे, दोऱ्या, बल्ब, सगळं आलं. माणूस मधे कुठेतरी लहानसा. आठ वर्षं डोळ्यात बसलेली चौकट हवी तर नऊ फुटांचे सहा फूट करायला हवे होते. मी तिथेच घुटमळलो. तेवढ्यात गालाला रंग लावता लावता एका म्हाताऱ्या नटाने आरशातूनच विचारलं, "लांब कित्याक उभो रवलंस? हय येवन बस."

मी आत जाऊन चटईच्या कडेला बसलो. नऊ फुटांवरून माणूस दिसतो. सहा फुटांवर बसलं की त्याच्याशी बोलावंच लागतं. आणि चित्रही बदलतं. चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी येणार हे सेन्सर ठरवत नाही, तुम्ही किती लांब आहात ते ठरवतं. जवळून पाहिल्यावर आरसा धरलेला हात मोठा, पुढे आलेला दिसतो, मागची भिंत मागे जाते. त्या हाताच्या शिरा मला आठ वर्षांत दिसल्या नव्हत्या.

आता या कौतुकात एक गोष्ट लपवणं बरं नाही. इतक्या जवळून, एवढ्या मोठ्या सेन्सरवर, एफ १.८ला डोळा धारदार येतो आणि कान धूसर होतो. दोन चेहरे एकामागे एक असतील तर भिंगाचं छिद्र एफ २.८पर्यंत मिटावं लागतं, आणि मग मोठ्या सेन्सरने कमावलेला उजेड जवळजवळ सगळा परत द्यावा लागतो. दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत तर तीच चौकट डी७२००ने एफ १.८ला जवळपास तशीच दिली असती. मोठा सेन्सर उजेड फुकट देत नाही. फोकसची खोली सोडायची तयारी असेल तरच देतो.

जुना विकून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. ते भिगवणला माझ्याबरोबर आले असते तर सुचवलं नसतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमाराच्या होडीतून रोहित पाहायचे तर होडी एका अंतरापुढे नेऊ नये, पक्षी उठतात. तिथे जवळ जाणं हा मार्गच नाही. माझ्या ७०-३०० लेन्सची पोच डी७२००वर फुल फ्रेमच्या ४५० मिमीइतकी होते, आणि त्या चौकटीत २४ दशलक्ष पिक्सेल पुरे भरतात. डी७५०च्या फोटोतून तेवढाच तुकडा कापला तर जेमतेम १० दशलक्ष उरतात. शिवाय दोघांनाही फोकसचे ५१ बिंदू असले, तरी डी७५०मध्ये ते मधोमध दाटलेले आहेत, डी७२००मध्ये जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले. चौकटीच्या डाव्या टोकाला सूर मारणारा नदीसुरय डी७२००लाच सापडतो. दोघांची बॅटरी एकच, ईएन-ईएल१५, त्यामुळे एकच चार्जर दोघांना पुरतो. डी७५०चं वजन ७५ ग्रॅम जास्त आहे, एवढंच.

गेल्या जत्रेला दोन्ही घेऊन गेलो. ८५ मिमी लावलेला डी७२०० पिशवीत, प्रेक्षकांत बसून बाकड्यावरच्या राजाचे फोटो काढण्यासाठी. गळ्यात डी७५० आणि ५० मिमी. रंगपटात गेलो तर तेच म्हातारे नट मुकुट बांधायला बसले होते. मी चटईवर माझ्या जागी बसलो, सहा फुटांवर, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मुकुटाच्या नाड्या बांधायला त्यांना दोन्ही हात लागणार होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आरसा माझ्यासमोर केला.

मी पुढे सरकून तो धरला. कॅमेरा छातीवर लोंबत राहिला. बाहेर पखवाजावर थाप पडली, संकासुर निघाला असावा. आरशात त्यांचे डोळे आपल्याच कपाळावर लागले होते.

"वायच वर धर," ते म्हणाले.