कागलच्या तव्यावर अरेपा

कोल्हापूरहून बेळगावच्या दिशेनं हायवेला लागलात की वीसेक किलोमीटरवर कागल. त्याच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला आमची पंचतारांकित एमआयडीसी. नाव ऐकून स्विमिंग पूल वगैरे डोळ्यांसमोर आला असेल तर सॉरी! इथं आहेत फाउंड्र्या, कापडाच्या गिरण्या, मशिनिंगची युनिट्स आणि शिफ्ट सुटली की चहाच्या टपऱ्यांवर उडणारी झुंबड. खायचं म्हणाल तर वडापाव आणि मिसळ. मग कोलंबियन जेवण कुठं मिळतं? आमच्या घरी, रविवारी!

त्याचं असं झालं. नवरा वर्षभरापासून मेदेयीनला आहे, टू-व्हीलरच्या धंद्यात. कोलंबियाच्या रस्त्यांवर आपल्या पल्सर भरपूर धावतात आणि हीरोनं तर २०१५ साली तिथं कारखानाच काढला. म्हणजे नोकरीचं ठीक आहे. पण घड्याळात साडेदहा तासांचा फरक. इथं संध्याकाळचे साडेसात वाजले की तिथं सकाळचे नऊ, आणि तेवढ्या वेळातच काय ते बोलायचं. त्यात सासूबाईंचा रोजचा प्रश्न, ‘काय खातंय पोरगं तिथं?’ फोटो दाखवून त्यांचं समाधान होईना. शेवटी म्हटलं, आई, करूनच बघू या.

सुरुवात अरेपानं. अरेपा म्हणजे मक्याची जाडसर, तळहाताएवढी भाकरी. तिकडे घराघरांत रोज होते. मी दुकानातून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. उलटताना चार तुकडे. दुसरीचे सहा! नंतर कळलं की तिकडचं पीठ आधी शिजवून, वाळवून दळलेलं असतं. पूर्वी तर मका भिजवून, उकडून, मग वाटून घ्यायचे. आपलं कच्चं पीठ, ते चिकटणार कसं? सासूबाई तोवर ओट्याला टेकून मजा बघत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, उकड काढ की. तांदळाच्या भाकरीला काढतो तशी.’ पाण्याला उकळी, मीठ, पीठ, झाकण, पाच मिनिटं वाफ. गरम असतानाच मळली आणि अरेपा अख्खी उतरली. मी पाककृती शोधायला रात्री जागले होते, आणि उत्तर शेजारी उभं होतं.

सोबत ओगाओ. कांद्याची पात आणि टोमॅटो तेलात मंद आचेवर गाळ होईपर्यंत शिजवायचे, चिमूटभर जिरं, मीठ. बस्स. मिरची नाही! कोलंबियाचं रोजचं जेवण तिखट नसतं. ज्याला हवं त्यानं वरून ‘अही’ नावाची तिखट चटणी घ्यायची. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा काही झाला की पोरगं तिकडे आजारीच पडलंय. मी फोन घ्यायला वळले तेवढ्यात कांदा-लसूण मसाल्याचा चमचा कढईत पडला होता. चव विचाराल तर भन्नाट, फक्त तो ओगाओ राहिला नव्हता. राजम्यात कच्चं केळं घालून शिजवायचा प्रकार मात्र जसाच्या तसा जमला. पातकोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे तुकडे तळून, चेपून, पुन्हा तळायचे, त्याला आपली साधी केळी कमी पडतात. कोकणातून कुणी राजेळी आणली तर बघू.

खरी गंमत गुळाची. तिकडे उसाच्या गुळाला ‘पानेला’ म्हणतात. गूळ बनवण्यात जगात आपला नंबर पहिला, कोलंबियाचा दुसरा. हंगामात इकडच्या गुऱ्हाळावर गेलात तर चुलवाणात चिपाड जळतंय, काहिलीत रस उकळतोय आणि मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घातलाय, असं दिसेल. कोलंबियातल्या ‘त्रापिचे’वरही चिपाडच जळतं आणि मळी काढायला झाडांच्या सालींचा चिकट रसच वापरतात. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं असेल असं वाटत नाही. तो गूळ पाण्यात उकळला की झालं ‘आग्वापानेला’. सकाळी गरम, वर चीजचा तुकडा बुडवून. उन्हाळ्यात गार, लिंबू पिळून. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय टॅग मिळाला, पण उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देताना तो कोण आठवतंय?

परवाच्या रविवारी साडेसातला फोन लागला तेव्हा ताट समोर होतं. त्यानं बघितलं, म्हणाला, ‘अरेपा जाड झाली.’ मग बराच वेळ काही बोलला नाही. सासूबाईंनी विचारलं, ‘हे गुळाचं पाणी रोज मिळतं व्हय तुला?’ हो म्हणाला. ‘मग बरं हाय,’ म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच फोन माझ्या हातात लवकर आला.

त्याचं म्हणणं, जूनपर्यंत तिकडे ये. इथं मला शिफ्ट इन्चार्ज करायचं चाललंय. गिरणीत सहा वर्षं काढल्यावर हे आलंय आणि मेदेयीनमध्ये माझ्यासाठी अजून काहीच नाही. तिकीट बघते, बंद करते. फोन ठेवल्यावर सासूबाई भांडी आवरत म्हणाल्या, ‘जायचं ठरलं तर त्या ओगाओचं मला लिहून ठेव. आणि हितंच राहिलीस तर पुढच्या रविवारी मका जरा रवाळ आण.’

सोमवारी सातची शिफ्ट होती. डब्यात दोन उरलेल्या अरेपा नेल्या. डिपार्टमेंटमधल्या मुलींनी त्या खर्ड्याबरोबर संपवल्या.