एकट्याची जकात

आमच्या बऱ्हाणपुरात एकाच गोष्टीला दोन नावे असतात. आम्ही घरात ज्याला जकात म्हणतो, त्याला शेजारी चुंगी म्हणतात. वेशीवरचे नाके कधीच उठले, शब्द मात्र दोन्ही भाषांत राहिले; आणि अलीकडे ते भलत्याच वाटेने परत आले आहेत. मोबाइलवर परदेशातल्या दुकानातून वस्तू मागवावी, दाम तिथेच चुकते करावे, आणि पंधरा दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या पोऱ्याने म्हणावे, ''मास्साब, इतने पैसे और लगेंगे.''

माझ्या भाचीने २०१९ साली जर्मनीतल्या एका दुकानातून जलरंगांची पेटी मागवली. रंगांची किंमत तीन हजार, पाठवणावळ एक हजार. पोरीने वर्षभर साठवलेले पैसे होते. पेटी आली ती हातभर लांब पावती घेऊन. ती पावती मी नंतर दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडली, कारण शेकडेवारीचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही.

पहिली गंमत अशी, की कर नुसत्या तीन हजारांवर लागत नाही. पाठवणावळ मिळवून होणाऱ्या रकमेवर लागतो. विमा असेल तर तोही त्यात धरतात. म्हणजे आपण टपालहशील भरायचे आणि त्या हशिलावर पुन्हा कर भरायचा. चार हजारांवर त्या वेळी दहा टक्के सीमाशुल्क, म्हणजे चारशे. त्या चारशेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, चाळीस. आता झाले ४,४४०. या सगळ्यावर अठ्ठावीस टक्के जीएसटी, १,२४३ रुपये. करावर कर, आणि त्यावर आणखी कर. मुलांनी दहा आणि अठ्ठावीस मिळवून अडतीस टक्के उत्तर काढले होते. खरे उत्तर बेचाळीसच्या थोडे वर येते. रकमेत एकूण १,६८३.

एवढ्यावर पावती संपत नव्हती. कुरियर कंपनीने माल सोडवण्याची मजुरी म्हणून सहाशे लावले होते आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, ७०८ रुपये. हा सरकारी कर नव्हे, कंपनीचा आकार. पण त्याच कागदावर, त्याच अक्षरांत छापलेला असल्यामुळे शिव्या सरकारलाच बसतात. तीन हजारांची पेटी ६,३९१ रुपयांना पडली. भाचीने उरलेले पैसे आईकडून घेतले आणि वर्षभर निळा रंग फार जपून वापरला.

कर असू नये असे मी म्हणणार नाही. माझा पगार करातूनच येतो, आणि घरोघर यंत्रमाग चालणाऱ्या या गावात परदेशी मालावर कर कशासाठी असतो हे कोणाला शिकवावे लागत नाही. तक्रार दोन गोष्टींची आहे. एक, सौदा ठरताना हा आकडा कोणी सांगत नाही. काही दुकानदार कर धरून किंमत सांगतात. तिथे वस्तू महाग दिसते, पण दारात वाद होत नाही. दुसरी गोष्ट जुनी आहे, आणि तिचे मूळ आमच्याच वाटेवर सापडते.

सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून आग्र्याला जाताना बऱ्हाणपुरावरून गेला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि रशियापर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या सभांमधून ते वाक्य हमखास ऐकवले जाते. पण त्याच ग्रंथात सुरतेच्या जकातखान्याची हकीकत आहे, ती कोणी ऐकवत नाही. खाजगी माणसाला आपल्या मालावर शेकडा चार ते पाच जकात द्यावी लागे; इंग्रज आणि डच कंपन्यांना त्याहून कमी. कंपनीपाशी जहाजे होती, दरबारात वकील होते. एकट्या माणसापाशी फक्त त्याचे गाठोडे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर आठवले. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. बाईंचा ऑक्सिजन खाली येत होता. गावात सिलिंडर मिळेना. न्यू जर्सीतल्या मुलाने तिथून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवला. त्यावरचे मूळ सीमाशुल्क सरकारने २४ एप्रिलला माफ केले होते. सर निश्चिंत होते. पण जीएसटी राहिला होता. व्यापाऱ्याने विकायला आणलेल्या यंत्रावर तो बारा टक्के, आणि कोणी स्वतःच्या घरच्या आजाऱ्यासाठी मागवले तर अठ्ठावीस. पाठवणावळीसकट ऐंशी हजारांवर २२,४०० रुपये. सरांनी ओळखपत्रे पाठवली, रक्कम भरली, आणि तीन दिवसांनी, १ मेला, घरगुती यंत्रांचा दरही बारावर आला. भरलेला फरक परत मिळाला नाही. यंत्र घरी पोचले तेव्हा बाई खांडव्याच्या दवाखान्यात होत्या.

''अहो, व्यापाऱ्याला बारा आणि मला अठ्ठावीस,'' सर मला फोनवर म्हणाले, ''हे त्रैराशिक कोणत्या रीतीने सोडवायचे?'' चाळीस वर्षे वर्गात ज्या स्वरात ते विचारत, तोच स्वर होता. मला उत्तर देता आले नाही.

त्याच महिन्यात दिल्लीत पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजारी गृहस्थांनी न्यायालयात दाद मागितली. त्यांनाही अमेरिकेतल्या पुतण्याने असेच यंत्र भेट पाठवले होते. २१ मे २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भेट आलेल्या अशा यंत्रावरचा बारा टक्के करही घटनाबाह्य ठरवला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सरांनी दोन्ही बातम्यांची कात्रणे काढून वहीत चिकटवली आहेत.

आता 'भेट' या शब्दाविषयी थोडे, कारण दिवाळीत तो फार वापरला जातो. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतची परदेशी भेट शुल्काविना येई. परदेशी दुकानदारांनी विकलेला मालही 'भेट' म्हणून पाठवायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये टपाल-कुरियरने येणाऱ्या भेटींची ती सवलत काढून घेण्यात आली. लबाडी दुकानदारांनी केली आणि मामाने धाडलेला स्वेटर सापडला. सवलत ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही, फक्त राखीला! हा बारकावा ज्याने लिहिला, त्याला बहीण असणार.

बाई जूनमध्ये घरी परतल्या. पुढे दोन महिने ते यंत्र रात्रभर त्यांच्या उशाशी घरघरत होते. त्या बऱ्या झाल्यावर सरांनी ते ओळखीत फिरते ठेवले आहे. नेणाऱ्याचे नाव आणि तारीख ते वहीत लिहितात, भाडे घेत नाहीत. यंत्राच्या मागच्या बाजूला त्यांनी ती २२,४०० रुपयांची पावती पारदर्शक पट्टीने चिकटवली आहे. गेल्या हिवाळ्यात ते शनवाऱ्यातल्या एका विणकराच्या घरी होते. त्याच्या मुलाने पावती वाचून विचारले, ''सर, ये मशीन का दाम है?'' सर म्हणाले, ''नहीं बेटा, दाम अलग था.''