लाकडाचा आवाज

गणपतीतल्या कार्यक्रमाला निघण्याआधी मी पिशवी उघडून बघतो. मँडोलिन हातात असतंच; पण प्रिॲम्प, डीआय बॉक्स, दोन केबल, नऊ व्होल्टचा जादा सेल, तारांच्या पुड्या आणि बोटभर स्पंज हे सगळं घरीच तपासायचं. मंडपात ऐन वेळी मागायला कोणी नसतं.

या वाद्याच्या सुराला आयुष्य कमी. जोडीजोडीने लावलेल्या आठ तारा, छेडल्या की टण्णकन बोलतात आणि लगेच विरतात. म्हणून तर ट्रेमोलो. मनगट थरथरतं ठेवून सूर धरून ठेवायचा. घरात तो सुंदर ऐकू येतो. मंडपात मागे ढोलक, शेजारी ऑक्टोपॅड. माइक लावला तर माझ्याआधी ढोलकच त्यात शिरतो. म्हणून तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला पीझो पिकअप बसवून घेतला. चवलीएवढी चकती, कंपनाचा ताण पडला की वीज देणारी. पण ती थेट मिक्सरला जोडली की खालचे सूर गळून पडतात आणि तार प्लास्टिकच्या डब्यावर ताणल्यासारखी वाजते. मध्ये प्रिॲम्प हवाच. पुढे डीआय बॉक्स असला की लांबच्या मिक्सरपर्यंत घरघर न शिरता सिग्नल पोचतो.

माझ्या मँडोलिनची घोडी चिकटवलेली नाही. तारांच्या दाबावर उभी आहे. एकदा तार तुटली तेव्हा घाईत मी चार तारा एकदम सैल केल्या. घोडी किंचित सरकली आणि वरच्या पडद्यांवरचा अख्खा अंतरा बेसूर गेला. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून एका वेळी एकच तार.

स्पंज जातो घोडीच्या मागे. तिथली तारांची टोकं आपोआप किणकिणतात; स्पीकरवर तीच किणकिण मोठी होते. सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची, म्हणून १५० च्या खालचं मी कापून टाकतो. मॉनिटरने शिट्टी मारली तर नेमका तो एक सूर शोधून तेवढाच दाबायचा. साऊंडवाले ट्रेबल चढवतात. मी हात जोडून नको म्हणतो. ट्रेबलने वाद्य पुढे येतं खरं, पण त्यातलं लाकूड जातं.

मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी जोडतारा सोडल्या, पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीताची गमकं उभी केली. त्यांना सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड हवी होती, त्यांचा रस्ता बरोबरच होता. मला मात्र दोन तारांमधली ती बारीकशी थरथर सोडवत नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातलं मँडोलिन सुरू झालं की १९९५ मध्ये ज्यांचं लग्न झालं, ते आजही मान वर करतात; त्यांच्या कानांत तीच थरथर बसलेली आहे.

साऊंडचेकला मी तबलजीच्या मुलाला शेवटच्या रांगेत पाठवतो आणि ‘ए’च्या तारांची जोडी छेडतो. तो कान देतो, हात खाली करतो. साऊंडवाला फेडर जरासा ओढतो. पुन्हा छेडतो. आता हात वर. मी स्पंज बोटाने दाबून बसवतो आणि पट्टा खांद्यावर चढवतो.