हळदीचा पिवळा, दिव्याचा पिवळा

माणसाचा डोळा मोठा समजूतदार आहे. बल्बच्या उजेडात पांढरा सदरा पिवळट झालेला असतो, तरी डोळा त्याला पांढराच म्हणतो. चित्रपटाच्या फिल्मला ही समजूत नाही. भट्टीतले लोखंड तापत जाते तसे तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते. प्रकाशाचा रंगही याच हिशेबाने केल्विनमध्ये मोजतात. दुपारचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास, चित्रीकरणाचा तारेचा दिवा ३२००, घरगुती बल्ब त्याहूनही खाली. म्हणून दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म दिव्याखाली वापरली की सारे दृश्य पिवळे-नारिंगी उतरते. त्यावर उपाय म्हणजे भिंगापुढे लावायचा ८०ए हा निळा फिल्टर. (दिव्यांसाठीची फिल्म उन्हात नेली तर उलट, नारिंगी ८५बी. ट्यूबलाइटचा हिरवटपणा हे आणखी वेगळेच दुखणे.)

मात्र फिल्टर निळा रंग घालत नाही. तो पिवळा-तांबडा उजेड अडवतो. ८०ए मधून जेमतेम चौथा हिस्सा प्रकाश आत जातो.

उल्हासनगर ही मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. कॅम्प ४ मधल्या अशाच एका बराकीत आम्ही राहत असू. १९७४ साली तिथे माझ्या आत्याची हळद झाली. शेजारच्या सिंधी काकांकडे चावी देऊन चालवायचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता आणि परदेशातून आलेले एकच रीळ होते, दिवसाच्या उजेडाचे, २५ एएसएचे. पाचशे वॅटचे दोन दिवे त्यांनी मागून आणले. ८०ए त्यांच्या खिशातच होता. तो लावला असता तर रंग खरे आले असते, पण माणसे काळोखात बुडाली असती. काकांनी फिल्टर खिशातच ठेवला. मला तो निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो.

त्या चार मिनिटांत सगळेच पिवळे आहेत. भिंती, तांब्या, पाहुण्यांचे सदरे. आणि आजीही. ती विधवा, रिवाजाप्रमाणे तिने ना हळद लावली, ना लावून घेतली. दाराशी पांढऱ्या लुगड्यात ती उभी आहे. पण दिव्याने भेद केला नाही. आत्याच्या गालाचा आणि आजीच्या गालाचा पिवळा वेगळा ओळखूच येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने ते रीळ संगणकावर उतरवून घेतले आणि रंग दुरुस्त केले. काम त्याने उत्तम केले आहे. भिंती पांढऱ्या झाल्या, आत्याची हळद उठून दिसू लागली आणि आजी पुन्हा सर्वांपासून वेगळी, दाराशी उभी राहिली. आता घरात दोन्ही प्रती आहेत. आत्या पंचाहत्तरीला आली. ती पहिलीच लावायला सांगते.